साडूची बोट आणि माझी तार

हातातला चहा आधी खाली ठेवा. सांगायची मलाच लाज वाटती, पण तुमी ऐकल्याशिवाय उठणार न्हाई, म्हणून सांगतो.

आमचे साडू मुकुंदराव, पुण्याचे. नोकरीतून मोकळे झाले आणि शिडाची बोट घेतली! अरे, माणूस या वयात शेत घेतो, प्लॉट घेतो. बोट कावून? तर म्हणे, कोचीहून समुद्र ओलांडून सेशेल्सला जायचं. सोबत माझी मेव्हणी सुनंदा, आणि तिसरा गडी मी. माझं अंबाजोगाईत हार्डवेअरचं दुकान. मांजरा धरणापेक्षा मोठं पाणी कधी बघितलं न्हाई. पण भ्यालो असं सासरवाडीत कुणी म्हणायला नको, म्हणून गेलतो.

काय ते जगणं! अंघोळ खाऱ्या पाण्याची. कांदे जाळीत टांगलेले. बोट दिवसन् दिवस एका अंगाला कललेली. पायजमा चढवायचा तरी भिंतीला टेकून. आणि मुकुंदराव गॉगल लावून सुकाणूपाशी असे उभे, जसं काही हा समुद्र यांच्या आजोबांनीच खणलाय!

सैपाक माझ्याकडं. पहिल्याच दिवशी बघतो तर काय, गॅसची शेगडी दोन खुंट्यांवर टांगलेली, पाळण्यागत झुलतीय! म्हणलं, बघा पुण्याची हुशारी! एवढी भारी बोट, आणि शेगडीचे स्क्रू आवळायची अक्कल न्हाई. कुणाला विचारलं न्हाई. विचारायचं काय त्यात? आपला धंदाच तो! पिशवीत बायंडिंगची तार होतीच. शेगडी अशी आवळली, की भूकंपात हलू नये. तार दिसायला लई वाईट, म्हणून पुढं नॅपकिन टांगला.

दुसऱ्या दिवशी वारा सुटला. मी घरून आणलेल्या येसराच्या पिठाची आमटी ठेवलेली. उकळी आली, बोट कलली. पातेलं शेगडीच्या चिमट्यात घट्ट, आणि आमटी सगळी उडून मुकुंदरावांच्या गादीवर! सुनंदा थोडक्यात भाजायची वाचली.

"अहो, नीट चालवा की जरा!" ती वर बघून ओरडली.

"नीटच चालवतोय मी!"

मला आयतंच सापडलं. "मुकुंदराव, आमच्याकडं तलवाड्याच्या खड्ड्यांच्या रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर यापेक्षा अलगद जातो!"

मग चहा सांडला. मग पिठलं सांडलं. दर खेपेला मी तारेला एक पीळ वाढवायचो आणि मुकुंदरावांना एक टोमणा मारायचो. शेवटी माणूस खचला. त्यांनी शिडं अर्ध्यावर आणली. बोट सरळ झाली, सांडणं थांबलं, आणि माझी छाती ही एवढी फुगली! बघा, म्हणलं, चूक कुणाची होती!

पण बोट निघाली बैलगाडीच्या चालीनं. भाज्या सडायला लागल्या. सुनंदा प्यायचं पाणीही जपून द्यायला लागली.

एका दुपारी मुकुंदराव खाली आले, गॉगल काढला. डोळे भरलेले. "मला हे जमत नाही. परत फिरूया."

माझी जीभ तरी गप बसावी? "जमतंय कुठं तुमाला! कवाधरनं सांगतोय मी."

सुनंदानं माझ्याकडं रागानं बघितलं, आणि त्यांना तोंड पुसायला हाताशी होता तो नॅपकिन ओढला.

"भाऊजी, हे काय?"

"तार हाय. शेगडी हलत होती, पक्की बसवली."

मुकुंदराव वाकले.

"अहो, ती मोकळीच ठेवायची असते! बोट कलली तरी शेगडी सपाट राहावी म्हणून. ती हलतच नव्हती हो. आपण हलत होतो!"

मी पक्कड काढली आणि तार सोडली. शिडं पुन्हा पूर्ण चढली, बोट पार कुशीवर गेली, आणि शेगडीवरचा चहा? थेंब सांडला न्हाई!

मुकुंदरावांनी पहिला कप मलाच दिला. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मान खाली घालून मी कप घेतला, उठलो, पाय घसरला, आणि सगळा चहा माझ्याच पायजम्यावर!

सुनंदानं खाली पडलेली तार उचलली.

"भाऊजी, आता तुम्हाला कुठं बांधू?"