हेल्वेचा कोल्हा

एस्टोनियातल्या ताल्लिन शहराच्या कोप्ली भागात राहणारी हेल्वे राउडसिक बाहुल्या हलवून पोट भरायची. बाहुली केसभर सरकवायची, फोटो काढायचा, पुन्हा सरकवायची. मग फोटो भराभर एकामागून एक दाखवले की बाहुली जिवंत व्हायची. शेवटचा फोटो ती पहिल्याला असा जुळवायची की हालचाल कुठे सुरू झाली नि कुठे संपली, कुणाला पत्ता लागू नये. अशी फिरती चित्रं लोक फोनवर एकमेकांना पाठवतात, म्हणून ती नोकरीला होती तो स्टुडिओ बंद पडल्यावरही तिला काम मिळत राहिलं.

त्या हिवाळ्यात एका डेअरीच्या जाहिरातीसाठी ती लोकरीचा कोल्हा करत होती. त्याने लापशी ढवळत राहायचं, एवढंच. पण शेवटाला येईस्तोवर तिच्या बोटांना कंप सुटायचा आणि कोल्हा आडवा व्हायचा. पुन्हा पहिल्यापासून. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि कंप वाढतच जाणार, हेही सांगितलं.

तिचा नवरा उर्मास बंदरावर क्रेन चालवायचा. "तू सांग, मी हलवतो," तो म्हणाला.

"तुझे हात म्हणजे फावडी."

"फावडी थरथरत तरी नाहीत."

तो टेबलाशी बसला.

"आधी मान. मग हात."

"मान किती वळवू?"

"त्याला भूक लागलीय, तेवढी."

"अगं, मापात सांग ना काहीतरी."

तिला सांगता येईना. ते माप आजवर बोटांनाच ठाऊक होतं.

अखेर जमलं. कोल्हा पडद्यावर ढवळू लागला, शेवट-सुरुवातीचा सांधाही दिसेना. पण त्याची भूक गेली होती. चमचा बांधलेली लोकर नुसती फिरत होती. उर्मासलाही ते दिसलं. "नको पाठवूस," तो म्हणाला. मुदत संपत आली होती, तिने पाठवलं.

डेअरीतल्या मुलीचा लगेच फोन आला. "किती गोड झालाय. अगदी नेहमीसारखा. आता वसंतासाठी ससा करून द्याल?"

हेल्वेने फोन ठेवला. "वाईट झालाय म्हणाली असती तर बरं वाटलं असतं."

"पोर आहे ती. तिला काय कळतंय?"

"कुणालाच कळत नव्हतं रे. इतकी वर्षं."



सशाचं काम तिने घेतलं नाही. बर्फ वितळायच्या आत उर्मासने तिचं कामाचं टेबल आवरलं, तेव्हाही तिने अडवलं नाही. काळ्या पावाला लोणी लावणंसुद्धा आता त्याच्याकडे आलं होतं. तो पाव पुढ्यात ठेवी, काहीबाही बोलत राही. ती खिडकीकडे बघत बसे.