न भिजवलेलं ठाण

ताणलं की वाढणारं आणि सोडलं की जागेवर येणारं कापड कसं करायचं, हे मी आजही डोळे मिटून सांगेन. नुसता लवचिक नायलॉनचा धागा उन्हाळ्यात अंग जाळतो. म्हणून त्याच्यावर सुताचा वेढा द्यायचा. वेढे जास्त झाले तर धागा ताणत नाही, कमी झाले तर आतला धागा कातडीला लागतो. हा मेळ आम्ही लोहाऱ्याजवळच्या एका विणकर सोसायटीत बसवला, ऐंशीनंतरच्या एका दुष्काळी उन्हाळ्यात. मी तिथं पगारी तंत्रज्ञ होतो. या कामात माझ्याइतकाच वाटा साठीतल्या एका विणकराचा होता. त्यांना मी मामा म्हणायचो.

रोजगार हमीच्या कामावर बायका पाटी डोक्यावर घेत, तेव्हा त्यांच्या चोळ्या बगलेत फाटत. आमचं कापड तिथं फाटणार नाही, याची मला खात्री होती. ती खोटीही नव्हती.

पहिलं ठाण मागावरून उतरलं तेव्हा मामा म्हणाले, "साहेब, कापायची घाई करू नका. मागावर ह्यो धागा ताणून धरलेला असतोय. गरम पाण्यात बुडवा, मोकळं पडू द्या, मग कापा."

"मामा, प्यायच्या पाण्याला टँकरची वाट बघतोय आपण. कापडाला कुठलं पाणी?"

"मग थांबा की."

"बायका खोळंबल्यात."

बायका खोळंबल्या नव्हत्या. जिल्ह्याचे अधिकारी यायचे होते आणि मला त्यांच्यासमोर शिवलेल्या चोळ्या मांडायच्या होत्या.

चोळ्या वाटल्या. पहिल्याच धुण्यात त्या आटल्या. आठ दिवसांत बायका सोसायटीच्या दारात उभ्या राहिल्या. एकीनं चोळी माझ्यापुढं धरली. "साहेब, ही मला दिली का माझ्या लेकीच्या भावलीला?" दुसरी म्हणाली, "घालायला दोघी लागत्यात, काढायला सगळी गल्ली!"

संचालकांच्या बैठकीत मामांनाही बोलावलं होतं. जाब मला विचारला. आमच्या विणकरांची एक जुनी रीत होती. ठाण जमा करताना कापडाची रुंदी, म्हणजे पन्हा, दोन्ही हातांनी ताणून दाखवायचा. सुती कापडात त्यानं बोटभर फरक पडे, कुणी मनावर घेत नसे. मामांनी हेही ठाण तसंच दिलं होतं. मी म्हणालो, "पन्हा ताणून मोजला. माप तिथंच चुकलं."

सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. मी सोडून.

"ताणला, व्हय," मामा म्हणाले. पाण्याचा विषय त्यांनी काढला नाही. तो मी काढीन, असं त्यांना वाटलं असावं.

सोसायटीनं त्यांना सूत देणं बंद केलं. चार दिवसांनी ते पाटी घेऊन मातीच्या कामावर गेले.

मी माझ्या वाटणीच्या घागरीतलं पाणी तापवलं. एक तुकडा ताणून मोजलेला, एक सैल ठेवून मोजलेला, दोन्ही बुडवले. दोन्ही आटले. मग ते आटलेले तुकडेच पुन्हा भिजवले, तर सूतभरही हलले नाहीत. म्हणजे चूक मापाची नव्हती, आधी न भिजवण्याची होती. मामा बरोबर होते. त्याच दिवशी मला अध्यक्षांच्या घरी जाता आलं असतं. मी पुढच्या बैठकीची वाट पाहिली. महिनाभर तो माणूस माती वाहत होता आणि मी बैठकीची तारीख मोजत होतो.

बैठकीत सगळं सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "आन् मागच्या बैठकीला जीभ घरी ठिवली होती का?"

मामांना सूत परत सुरू झालं. प्रत्येक ठाण आम्ही भिजवू लागलो, तेच पाणी पुढच्या ठाणाला वापरून. कापड उत्तम निघालं. जळकोटच्या बायका मुद्दाम मागवून घेत.

पुढच्या ठाणासाठी मी मामांना विचारलं, "वेढे थोडे कमी करू का?"

"तुमी सांगा साहेब, तसं विणतो," ते म्हणाले. माग थांबवला नाही.

पूर्वी हा माणूस मला न विचारता दहा गोष्टी सांगायचा. मी ती नोकरी सोडेपर्यंत प्रत्येक ठाणाला त्यांना विचारत राहिलो. उत्तर तेच यायचं.