तिघंच राबत्यात

महाबळेश्वरला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. वडिलांची चाळीस वर्षांची गाडी घेऊन मी सांगलीहून निघालो. रंग आरशासारखा, सीटा नव्याकोऱ्या. फक्त उभी राहिली की गाडी हिवताप भरल्यासारखी थडथडायची. साताऱ्याजवळ चहाला थांबलो, तर बाकावरचा एक म्हातारा मिशी पुसत उठला. फौजेत ट्रक चालवायचा म्हणे.

"बंद करू नगासा," म्हणत त्यानं बॉनेट उघडलं आणि चालू इंजिनाच्या प्लगच्या वायरी एकेक उपसून परत खोचल्या. पहिल्या तिन्ही वेळा इंजिनानं आचके दिले. चौथीला आवाजात काहीच फरक पडला नाही.

"चौघांतलं तिघंच राबत्यात. ह्यो प्लग कवा काढून बघितलासा?"

मी रंगाचा खर्च सांगू लागलो.

"पावडर लय थापलीया. पोटाचं कुनी बघितलं न्हाई."

काजळी धरलेला प्लग त्यानं घासून बसवला. गाडी शांत झाली. तो चहाकडे परतला.

प्रदर्शनात मला उत्तम देखभालीचं बक्षीस मिळालं. मंचावर परीक्षकांनी विचारलं, "मेकॅनिक कोण?"

"मीच," मी म्हणालो.

म्हाताऱ्याचं नाव विचारायचं राहून गेलं होतं. त्या क्षणी ते फार सोयीचं वाटलं.