एका ‘झ’ची साक्ष

“हाँ बोल दिया ना, मैडम. लिखवा दीजिए, ताला लगाया था,” कंपनीचे मॅनेजर म्हणाले.

 समोर बसलेल्या फ्रेंच टेक्निशियनचं वाक्य माझ्या कानात अडकलं होतं.

नवा रायपुरातल्या एका सरकारी ऑफिसात ही चौकशी चालू होती. रायपूरच्या बूढापारा भागात मी फ्रेंचचे क्लास घेते, आणि कारखान्यांत परदेशी मशीन आली की दुभाषी म्हणून जाते. यावेळी मशीनमध्ये माणूस गेला होता. देवानंद मेश्राम, फिटर. तो आत उतरून दुरुस्ती करत असताना बाहेरून कोणीतरी मशीन चालू केलं.

माणूस आत असताना स्विचला कुलूप घालायचं आणि ‘काम चालू आहे’ अशी पाटी अडकवायची, असा नियम. ते काम या टेक्निशियनचं, लुकचं होतं. कंपनीचं म्हणणं, कुलूप घातलं होतं. मेश्रामनेच घाई करून ते आधी काढलं. म्हणजे चूक मेलेल्याची.

मेश्रामची बायको ज्योती माझ्या मागच्या खुर्चीवर होती. “ताई, थो काय बोलून राहिला?” तिने हळूच विचारलं.

मी लुकला विचारलं होतं, “कुलूप आणि पाटी, दोन्ही लावलं होतं का?” तो म्हणाला, “वी, ज ले मीझ.” हो, मी लावली.

फ्रेंचमध्ये एकदा वस्तूचं नाव घेतलं की पुढे तिच्या जागी छोटं सर्वनाम येतं, तेही क्रियापदाच्या आधी. पुल्लिंगी ‘ल’, स्त्रीलिंगी ‘ला’. पुढे स्वर आला की दोन्हींचा नुसता ‘ल्’ उरतो, आणि वस्तू कोणती ते कळत नाही. पण सर्वनाम आधी आलं की क्रियापदाचं रूप त्याच्या लिंगाप्रमाणे बदलतं. कुलूप तिकडे पुल्लिंगी, म्हणून ‘लावला’ला ‘मी’. पाटी स्त्रीलिंगी, म्हणून ‘लावली’ला ‘मीझ’. आणि दोन्ही लावलं असतं, तर सर्वनाम अनेकवचनी आलं असतं.

“सर,” मी चौकशी अधिकाऱ्यांना म्हणाले, “इन्होंने ‘लगाई थी’ कहा है. ताला नहीं, तख्ती. मुझे एक बार फिर पूछने दीजिए.”

“ग्रामर की क्लास है क्या?” मॅनेजर चिडले.

“पूछिए,” अधिकारी म्हणाले.

मी सर्वनाम टाळलं. सरळ विचारलं, “लुक, तुम्ही कुलूप लावलं होतं का?”

त्याने नजर टेबलाकडे वळवली. मग म्हणाला, “नाही. कुलूप माझ्या बॅगेत होतं. काम लहान होतं. पाटी पुरेल असं वाटलं.” आणि त्याने तोंड झाकून घेतलं.

मी ते शब्दशः हिंदीत सांगितलं. मॅनेजर फोन घेऊन बाहेर गेले. ज्योतीने माझा हात धरला.

“म्हंजे आमच्या यायनं कुलूप नाई काढलं ना?”

“नाही. कुलूप लावलंच नव्हतं.”

ती रडली नाही. “माह्या सासऱ्याले सांगाचं हाय,” ती म्हणाली. “सारे म्हणून राहिले, पोट्टा बेपर्वा होता. त्यायलेही आता तसंच वाटून राहिलं.” व्हरांड्यात जाऊन तिने फोन लावला. बोलता येईना, तेव्हा फोन माझ्या हातात दिला. पलीकडून म्हातारा आवाज आला, “हव, बोला.” मी सांगितलं. “हव,” एवढंच ते म्हणाले. मग फोन कट झाला.

अहवालात मेश्रामवरचा ठपका गेला. लुकवर केस झाली. त्या कंपनीने मला पुन्हा बोलावलं नाही.

नवीन दुभाष्यांना मी एवढंच सांगते: समोरचा ‘हो’ म्हणाला, तरी कशाला हो म्हणाला ते नाव घेऊन विचारा. खोलीतल्या लोकांना राग येतो. येऊ द्यावा.