शाळेत उतरलेली जत्रा

महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमारास आमच्या गावची शाळा टेकडीवरच्या नव्या इमारतीत गेली. मी तिथे मास्तरीण होते. जुनी शाळा देवळाला लागून, जाड चिऱ्यांची, गावच्या गलबतवाल्यांनी बांधलेली. माझे आजोबा तिथे धूळपाटीवर अक्षरं गिरवायला शिकले. ती रिकामी पडल्यावर पावसाने मागची कौलं फुटली, आणि इमारत पाडून चिरे देवळाच्या कुंपणाला वापरायचं पंचांच्या मनात आलं.

त्यासाठी बैठक बसली. बायका मागे बसायच्या, बोलायच्या नाहीत. माझी आई उभी राहिली.

"जत्रेक लांबसून बायलमाणसा येतत, ती खंय निजतत?"

देवबाग-वालावलकडून होडीने, पायी आलेल्या बायका लेकरं घेऊन भर थंडीत माडांखाली पडायच्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"शाळा त्यांका द्या," आई म्हणाली.

मुख्य मानकरी नात्याने तिचे दीर. ते म्हणाले, "वयनी, कौला कोण घालतलो?"

"आमी घालतलव."

पुरुष हसले. मी आईशेजारी जाऊन उभी राहिले. मग एकेक करत मागच्या सगळ्याच बायका उठल्या आणि हसणं थांबलं. जत्रेपर्यंत मुदत मिळाली.

भातकापणी उरकल्याबरोबर आम्ही लागलो. ख्रिस्तांववाडीतले म्हातारे सुतार आपणहून आले. वर बघत म्हणाले, "वासे मी बघतंय. तुमी कौला हाडा." विहिरीजवळ रचलेल्या कौलांपासून भिंतीपर्यंत बायकांची रांग लागली. हातातून हातात कौलं सरकत होती, चेष्टामस्करी चालली होती. माझी आई शिडीवर चढली तेव्हा पदर खोचून अशी काही उभी राहिली की मला ती माझ्याच वयाची वाटली. भिंतींना चुना लावला, जमीन सारवली, मागे माडाच्या विणलेल्या झापांच्या न्हाण्या केल्या.

जत्रेच्या दिवशी उन्हं कलताना पहिल्या बायका आल्या. दारातच थबकल्या.

"हय आमी ऱ्हवाचा?" एकीने विचारलं.

"तुमच्यासाठीच आसा गो," आई म्हणाली. "पाय धुवा, पेज तयार आसा."

बघता बघता वर्ग भरले. जिथे मी पाढे म्हणून घेत असे, तिथे लेकरं चटयांवर लोळत होती आणि त्यांच्या आया भिंतीला पाठ टेकून निवांत गजाली करत होत्या.

जत्रा उलगून पांगापांग झाल्यावर पुन्हा बैठक बसली. मानकरी स्वतः उठले, मागे आले आणि शाळेची चावी आईपुढे धरली.

"वयनी, ही तुमच्याकडेच ऱ्हवांदे."

आईने ती कमरेला खोचली. परतताना आम्ही बायकांची नेहमीची मागची पाणंद सोडून भर बाजारातून गेलो. वाटेत भेटेल त्याच्याशी आई थांबून बोलत होती, आणि मी तिच्याबरोबर ताठ मानेने चालले होते.