आभाळ धरून बसलेली मावशी

आमच्या उपनगरात नाटक झालं की लोक नटांबद्दल बोलतात, दिग्दर्शकाला नावं ठेवतात, मध्यंतरातल्या पाणचट चहाबद्दल तर तावातावानं भांडतात. माझ्या मावशीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. मला याचा राग येतो, आणि राग गिळणाऱ्यांतली मी नाही. मावशीला मात्र त्याचं काहीच नाही. तिला हे सांगायला गेलं की ती समोरच्या भिंतीकडे बघत म्हणते, "हा रंग उन्हानं उडालाय बघ. पण किती छान उडालाय!" झालं. बोला आता हिच्याशी.

मावशी रंगाच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाईक यायचं, फिकट पिवळा हवाय म्हणायचं, आणि मावशी विचारायची, "सकाळचा की संध्याकाळचा?" निम्मी माणसं इथेच गडबडायची. मग ती दोन-तीन डब्यांतले रंग कालवून कागदावर एक पट्टा ओढून दाखवायची, आणि लोक खूश होऊन डबा घेऊन जायचे. त्यातले काही दुसऱ्या दिवशी तोंड पाडून परत यायचे, कारण घरी सासूला आवडलेला नसायचा. असे परत आलेले डबे मालक मावशीला देऊन टाकायचा. कुणाच्या जिन्याचा करडा, कुणाच्या स्वयंपाकघराचा निळा, कुणाच्या बाळाच्या खोलीचा गुलाबी. त्या सगळ्या नापसंत रंगांचं मावशी आभाळ करायची.

आभाळ म्हणजे आमच्या सभागृहातल्या नाटकांचा मागचा पडदा. भिंतभर कापड, वरून पाइपला टांगलेलं आणि खालच्या शिवणीत लाकडी दांडा घातलेला. नाटक बदललं की त्याच कापडावर पांढरा हात मारायचा आणि नवं चित्र काढायचं. कधी जंगल, कधी बंदर, कधी राजवाडा. आभाळ मात्र प्रत्येकात असायचंच, कारण राजालासुद्धा खिडकी लागते असं मावशीचं म्हणणं. सभागृह एरवी बॅडमिंटनवाल्यांचं. रविवारी सकाळी जाळी काढायची, कापड जमिनीवर अंथरायचं, आणि मावशी पायात मोजे घालून त्यावर चालायची. ब्रश झाडूच्या दांड्याला बांधलेला. मी लहान असताना कोपऱ्यात बसून बघायचे. ती तळ्यात उभी राहून डोंगर रंगवायची, ढगांवरून चालत जाऊन डबा आणायची. मध्येच पायाखाली बघत थबकायची ती थबकायचीच. हाक मारली तर फार लांबून परत आल्यासारखी "अं?" म्हणायची.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, बस चालवायचे. ते म्हणायचे, "तुझी मावशी चालता चालता स्वप्न बघते. मी तसं केलं असतं तर अख्खी बस तळ्यात!"

मावशी हे काम करायला लागली तीही गंमतच. दुकानातून रंग पोचवायला सभागृहात गेली होती. पडदा रंगवणारा माणूस आलाच नव्हता आणि नाटकमंडळी डोक्याला हात लावून बसली होती. मावशी म्हणाली, मी करू का? नाही म्हणायला कुणाकडे वेळ नव्हता. तिनं डोंगर काढले, एकामागे एक, शेवटचा धुक्यात विरलेला. आणि पहिल्याच प्रयोगाला घात झाला. नायिका मरत होती, तिचा बाप छाती पिटून रडत होता, आणि कपडे बदलायच्या खोलीतून कुणीतरी मागचं दार उघडून आत आलं. वाऱ्यानं सगळे डोंगर डुलायला लागले. आधी एकजण फिसकन हसला, मग सभागृह हसलं, मग मेलेली नायिकासुद्धा पडल्या पडल्या गदगदायला लागली. मावशी पडद्यामागे रंगाची बादली घेऊन उभी होती. ती तिथेच बसली आणि तिनं खालचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. डोंगर थांबले, लोक गप्प झाले, आणि बाप पुन्हा रडू लागल्यावर त्यांनीही रुमाल काढले.

त्या दिवसापासून मावशीनं प्रत्येक प्रयोगाला आभाळ धरलं. मी भांडले तिच्याशी. म्हटलं, जमिनीत खिळे ठोका. तर बॅडमिंटनवाले खिळा ठोकू देत नाहीत. वाळूच्या पिशव्या लावा. तर लावून झाल्या होत्या, आणि आभाळाला इस्त्री बिघडल्यासारख्या घड्या पडल्या होत्या. "हातच लागतो गं," मावशी म्हणायची. "वारा आला की जरा सैल सोडायचं, गेला की ताणायचं. तो यायच्या आधी कळतो." पालथ्या घड्यावर पाणी!

पडद्यामागची जागा तिला आवडायची, हे खरं. कधी कधी तिच्याशेजारी मीही बसायचे. दिव्यांचा उजेड कापडातून झिरपून यायचा आणि आम्ही दोघी नारिंगी होऊन जायचो, मग हळूहळू निळ्या. नटांच्या सावल्या मोठ्या होत होत आमच्यावरून जायच्या. आवाज ऐकू यायचे, माणसं दिसायची नाहीत. मावशीनं आयुष्यभर नाटकं अशीच पाहिली. एका नाजूक नटाला ती कितीतरी वर्षं आडदांड समजत होती, कारण त्याची सावली तेवढी पडायची. "आभाळाच्या मागे काय असतं माहितीये?" एकदा तिनं माझ्या कानात विचारलं. मी मान हलवली. "शिवण," ती म्हणाली आणि स्वतःशीच हसली.

पण यात एक गोष्ट राहून गेली होती. बॅडमिंटन संपल्याशिवाय कापड वर जात नसे, आणि वर गेलं की पाठोपाठ प्रेक्षक आत. प्रयोग संपला की कापड लगेच खाली. मावशीनं स्वतःचं चित्र जमिनीवर पायांखाली पाहिलं होतं आणि मागून शिवणीच्या बाजूनं पाहिलं होतं. समोर बसून, दिव्यांत, नाटकासकट कधीच नाही. फोटोत बघ म्हटलं तर म्हणायची, "फोटोत नटांची तोंडं असतात."

या वर्षी नाट्यमंडळाच्या अध्यक्षांनी जाहीर केलं की पुढच्या नाटकापासून मोठा स्क्रीन येणार, त्यावर यंत्रातून हवं ते चित्र पडणार. "मावशी, आता तुम्ही आराम करायचा!" ते म्हणाले. मी म्हटलं, "आराम कुणी मागितला होता का?" तर त्यांना एकदम फोन आला. फोन वाजल्याचं मी तरी ऐकलं नाही.

मावशी नुसतं "बरं" म्हणाली. बसस्टॉपवर मात्र नखांत अडकलेला रंग खरवडत राहिली. मग म्हणाली, "एकदा समोरून बघायचं राहिलंच बघ."

आयुष्यात तिनं माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट, आणि तीही मागितली नव्हतीच. मी दुसऱ्याच दिवशी जाऊन समोरच्या दोन खुर्च्यांची तिकिटं काढली.

"आणि धरणार कोण?" मावशी घाबरून म्हणाली.

"काका."

"अगं, त्यांना टेकायला मिळालं की डोळा लागतो!"

"मी बस चालवलीय जन्मभर," काका छाती काढून म्हणाले, "एक कापड धरता येणार नाही होय?" मग आठवडाभर बाल्कनीत दोरीवर चादर टांगून त्यांची शिकवणी झाली. सैल सोडा. ताणा. अहो, एवढं नाही, स्टिअरिंग आहे का ते! शेजारच्या बाई आपल्या बाल्कनीतून हे सगळं बघायच्या आणि एक शब्द विचारायच्या नाहीत.

शेवटचं चित्र संध्याकाळच्या तळ्याचं होतं. पलीकडे डोंगर, वर मोठं आभाळ. नाटकात एक म्हातारा नावाडी पलीकडच्या काठावरून येणाऱ्या बहिणीची वाट बघतो, एवढीच गोष्ट.

मावशी नवी चप्पल घालून माझ्याशेजारी बसली. पुढचा पडदा सरकला, दिवे उजळले, आणि तिनं माझा दंड धरला. मी तिच्याकडे बघितलं. ती तोंड किंचित उघडं टाकून बघत होती. जमिनीवर नुसते डाग दिसायचे ते इथे झाडं झाले होते. करड्या पट्ट्यांचं पाणी झालं होतं. "हे लांब आहे गं," ती पुटपुटली. "किती लांब आहे!" नट काय बोलत होते ते तिनं ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

दुसऱ्या अंकात नावाडी एकटाच काठावर बसला होता. सभागृह शांत. आणि मी पाहिलं, डोंगराच्या पायथ्याशी कापड हललं. जरासंच. मग पुन्हा, जास्त. काकांनी माती खाल्ली! मावशी ताठ झाली. मांडीवरचे तिचे हात मुठी वळून आपोआप पुढे गेले, सैल झाले, ताणले, जणू दांडा त्यांच्यात होता. ती उठणार तेवढ्यात मी तिला खाली ओढलं. आत्ता कुणीतरी फिसकन हसणार, आणि हिनं एकदाच काय ते बघितलं, तेही मातीमोल होणार.

कुणी हसलं नाही. तळ्यावरून एक लांबलचक लाट या काठापासून त्या काठापर्यंत गेली. डोंगर श्वास घेतल्यासारखे वर आले आणि बसले. आभाळातला तो कुणाच्या बाळाच्या खोलीचा गुलाबी हळूहळू निळ्यात सरकला, परत आला. नावाडी तळ्याकडे बघत बसला होता, आणि मागच्या रांगेतली एक बाई अगदी हळू म्हणाली, "पाणी बघ, पाणी!"

मावशीच्या मुठी उघडल्या. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

नाटक संपलं, टाळ्या झाल्या, लोक चहाकडे धावले. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. काका मान खाली घालून आले. "डुलकी लागली गं," ते म्हणाले. "दार उघडं राहिलं होतं, गार वारा येत होता... तुझं एकदाचं बघणं होतं, आणि मी..." आता यांची खैर नाही असं मला वाटलं.

मावशीनं त्यांना हाताला धरून आपल्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसवलं. मग ती रंगमंचाच्या पायऱ्या चढली आणि पडद्यामागे गेली. मला वाटलं, सवयच ती, धरायला गेली असणार. मागून दार सरकवल्याचा आवाज आला. मघाशी कुणीतरी लोटून घेतलेलं ते दार तिनं सताड उघडलं होतं.

ती खाली येऊन आमच्या दोघांच्या मध्ये बसली. समोर सगळं तळं, सगळे डोंगर, सगळं आभाळ हलत होतं.

"एकदा हसले गं लोक," मावशी म्हणाली. "एकदाच. आणि मी जन्मभर धरून बसले."

बॅडमिंटनवाले जाळी घेऊन दारात आले, तेव्हा मी उठून त्यांना थांबवलं.