साडूभाऊंची नासपती

आमचे थोरले साडू शिंपी. कापडाला कात्री लावायची म्हटलं की त्यांना ब्रह्मांड आठवायचं. एका गिऱ्हाइकाचं लग्नातलं जाकीट त्यांनी इतकं जपून बेतलं, की ते शिवून झालं तेव्हा नवरदेवाला पोर झालं होतं.

तर या गृहस्थांच्या परसात त्यांच्या आईने लावलेलं नासपतीचं झाड होतं. एक वर्ष फांद्या मोडतील इतकं लगडायचं, दुसऱ्या वर्षी औषधालाही फूल नाही. स्वयंपाकघरात अंधार मात्र दोन्ही वर्षी सारखाच. शेवटी मेहुणीबाईंनी निकाल दिला, "पुढच्या खेपेला फुललं नाही, तर सुताराला बोलावून कापणार."

साडूंच्या तोंडचं पाणी पळालं. यंदा झाड लगडलेलं, म्हणजे पुढचं वर्ष कोरडं ठरलेलंच. ते रोपवाटिकेतल्या माळ्याकडे धावले. त्याने साठवणीतलं एक वाकडं फळ चिरलं.

"बिया एकाच अंगाला आहेत ना? म्हणून तेवढंच अंग फुगलंय. फळ वाढवतात त्या बियाच, अन् पुढच्या वर्षीच्या कळ्या अडवतात त्याही बियाच. फळं बोराएवढी आहेत तोवर निम्मी-अधिक खुडा. बी भरल्यावर खुडून उपयोग नाही."

साडू शिडीवर चढले. पूर्वेची बाजू खुडली. पश्चिमेला हात अडला. "एवढीशी तर आहेत बिचारी! लिंबाएवढी तरी होऊ देत." झाली लिंबाएवढी, मग खुडली.

पुढच्या वर्षी पूर्वेची बाजू पांढरीशुभ्र, पश्चिमेला नुसता पाला. मी तिथेच होतो. मेहुणीबाई सुताराला घेऊन हजर.

"अगं, फुललंय की!" साडू आडवे आले.

"अर्धं. तेवढं ठेवा, बाकीचं कापा."

सुतार चाचरला, "ताई, अर्धं झाड उभं राहील?"

"माझा संसार राहिलाय ना?"

साडू पश्चिमेकडच्या फांदीला मिठी मारून म्हणाले, "ऐक तर! या बाजूला यंदा फळ नाही, म्हणजे बी नाही. कळ्यांना अडवणार कोण? पुढच्या वर्षी ही फुलेल, तेव्हा ती विसावा घेईल. आता दरवर्षी फळं!"

मेहुणीबाईंनी झाडाभोवती एक फेरी मारली.

"म्हणजे तुम्ही काम अर्धवट केलंत म्हणून हे साधलं?"

"हो," साडू छाती फुगवून म्हणाले.

सुताराला चहा मिळाला. तो हत्यारं आवरायला लागला, तशा मेहुणीबाई म्हणाल्या, "तुम्ही या. करवत पुढच्या वर्षापर्यंत इथेच असू दे."